तर आपलं काय म्हणणं आहे?

हणमंतराव शेवाळे रात्री साडेनऊला झोपत असत. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे वर्तमानपत्रांनी ज्यांना ‘रात्रीचा राजा’ म्हटलं ते हेच, आणि स्वतःच्या राज्यात जागं राहण्याची वेळ त्यांच्यावर एकदाच आली. ही गोष्ट त्या एका रात्रीची. पण तिथवर पोचायला दिवसाढवळ्या घडलेलं बरंच काही सांगावं लागेल.

सन २०४३. कराडजवळच्या टेकडीवर ‘कृष्णाकाठ’ या सरकारी प्रादेशिक वाहिनीचं केंद्र होतं. तिथं हणमंतरावांनी तीस वर्षं ‘शिवारचर्चा’ नावाचा कार्यक्रम केला होता. अकराशे त्रेचाळीस भाग. ‘गांडूळखत: आव्हाने आणि दिशा.’ ‘उसावरील लोकरी मावा कीड: एक पुनर्विचार.’ निवृत्तीला नऊ वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात केंद्रातून एकदाही फोन आला नव्हता. म्हणून नव्या संचालक नीलाक्षी रणपिसे यांनी बोलावलं, तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. शाल घ्यायला हात मोकळे असावेत म्हणून छत्री घरीच ठेवली.

शाल नव्हती. चहा होता.

“सर, गेले चार महिने आम्ही रात्री अकरा ते पहाटे पाच फक्त तुमचाच कार्यक्रम दाखवतोय,” रणपिसेबाई म्हणाल्या.

“फक्त माझा?”

“रोज साडेसहा लाख घरांत लागतो.”

हणमंतरावांनी चष्मा काढून पुसला. कार्यक्रम चालू असताना हा आकडा साडेसहाशेच्या वर गेल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

“आणि प्रतिसाद कसा आहे?”

“उत्तम. सरासरी अकरा मिनिटांत झोपतात.”

हणमंतरावांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला, काढला, आणि पुन्हा पुसला.

आता थोडं विज्ञान. पाच वर्षांपूर्वी सरकारनं वीज वाचवण्यासाठी एक नियम केला: खोलीत माणूस नसेल तर टीव्ही आपोआप बंद झाला पाहिजे. मग प्रत्येक नव्या टीव्हीत एक छोटं रेडिओलहरींचं यंत्र आलं. लहरी खोलीत जातात, माणसाच्या छातीवर आपटून परततात. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर पुढं येते, सोडताना मागं जाते; परतलेल्या लहरीत तेवढा फरक पडतो. त्यावरून टीव्हीला कळतं की खोलीत किती माणसं आहेत. आणि झोपलेल्या माणसाचा श्वास संथ आणि एकसारखा होतो, म्हणून हेही कळतं की त्यांतली जागी किती.

खाजगी वाहिन्यांनी याचा जो उपयोग करायचा तो केला. प्रेक्षकाचा श्वास संथ होतोय असं दिसलं की मालिकेत कुणीतरी किंचाळे. दोन वर्षांत निम्मं राज्य पहाटे चारपर्यंत जागू लागलं. आरोग्य खात्यानं हात टेकले. शेवटी सरकारनं आपल्या वाहिनीला आदेश दिला: तुम्ही लोकांना झोपवा. इतरांचं यश किती जागे राहिले यावर मोजलं जाईल, तुमचं किती झोपले यावर. सरकारी वाहिनीला स्वतःच्या अंगभूत गुणांना न्याय देण्याची अशी संधी पूर्वी कधी मिळाली नव्हती.

केंद्रात ‘जागल्या’ नावाचं गणकयंत्र बसलं. पूर्वी गावात रात्रीची राखण करणाऱ्याला जागल्या म्हणत. या जागल्याचं काम सगळे झोपले की नाही हे पाहण्याचं. पन्नास वर्षांचा साठा त्यानं एकेक करून लावून पाहिला. शास्त्रीय संगीतावर लोक एकोणतीस मिनिटांत झोपत. अर्थसंकल्पावरच्या परिसंवादाला बावीस लागत. ‘शिवारचर्चे’ला अकरा.

“पण का?” हणमंतरावांनी विचारलं. प्रश्नातलं दुःख त्यांनी शक्य तितकं शास्त्रीय ठेवलं.

उत्तर अभियंता इरफान मुजावर यांनी दिलं. “सर, तुम्ही चार सेकंद बोलता आणि सहा सेकंद थांबता. दहा मिनिटांत समोरचा पाहुणाही त्याच चालीवर येतो. दहा सेकंदांचं एक आवर्तन, म्हणजे मिनिटाला सहा. माणूस मिनिटाला सहा श्वास घेऊ लागला की हृदयाचे ठोके त्या लयीत येतात आणि शरीर शांत होतं. लोकांचा श्वास तुमच्या मागोमाग चालायला लागतो. तुम्ही थांबलात की त्यांचा श्वास बाहेर. योगवर्गात जे महिनाभर शिकवतात ते तुम्ही लोकरी माव्यावर करून दाखवता.”

ते सहा सेकंद हणमंतरावांना ठाऊक होते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात काळसेकर नावाच्या जुन्या निर्मात्यानं त्यांना पेन्सिलीनं बोटांवर मारून शिकवलं होतं: “पाहुण्याचं पहिलं उत्तर पाठ केलेलं असतं, शेवाळे. प्रश्न विचारायचा, ‘तर आपलं काय म्हणणं आहे?’ उत्तर आलं की गप्प बसायचं. मनात सहा आकडे मोजायचे. मग जे बाहेर येतं ते खरं उत्तर.” त्या सहा आकड्यांवर हणमंतरावांनी आयुष्य काढलं. त्या आकड्यांत साडेसहा लाख घरं घोरत होती.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. वैजयंताबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या.

“साडेसहा लाख घरांत लागतो म्हणे माझा कार्यक्रम.”

“हो का?” त्यांनी ताटात भाकरी टाकली.

“तू बघतेस का कधी?”

“काहीतरी लागलेलं असतं टीव्हीवर. मला कुठं लवकर झोप येते? भाजी निवडत बसते आपली. गरम आहे तोवर खा.”

हणमंतरावांनी खाल्लं, मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि साडेनऊला झोपले.

---

तोवर कुणाच्या लक्षात न आलेली एक गोष्ट पुढच्या चार महिन्यांत सगळ्या गावाच्या लक्षात आली. घंटा वाजवून कुत्र्याला खाणं दिलं की काही दिवसांनी नुसत्या घंटेवर त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हा प्रयोग शाळेत सगळेच शिकतात. कराडकरांची घंटा होती हणमंतरावांचा आवाज. ते मंडईत “वांगी कशी दिली?” म्हणाले की भाजीवालीची मान पुढं पडायची. न्हाव्यानं दाढी करण्यापूर्वी हात जोडले, “काका, वस्तरा हातात आहे, एक शब्द बोलू नका.” बसमध्ये कंडक्टरनं त्यांना शेवटच्या सीटवर बसवलं आणि तिकीट विचारताना स्वतःच उत्तर दिलं. नगरपालिकेनं त्यांचा सत्कार केला, शाल शेवटी मिळाली; पण आभाराचं भाषण चार वाक्यांत आटोपावं लागलं, कारण हार घालायला उभे असलेले नगरसेवक एकमेकांवर रेलले होते.

हणमंतराव खिशात चिठ्ठ्या बाळगू लागले. ‘अर्धा किलो वांगी.’ ‘स्टँडवर उतरायचं आहे.’ वाहिनीच्या केंद्रातले लोक त्यांना भेटताना कानात कापसाचे बोळे घालत. बोळ्यांतून शब्द पोचत, लय पोचत नसे. घरात मात्र काही अडचण आली नाही. घरात बोलायचा प्रसंगच फारसा नव्हता.

मग एक दिवस मुजावरांनी त्यांना केंद्रात बोलावून पडद्यावर एक आकडा दाखवला.

जागे: १.

“रोज रात्री साडेसहा लाख घरं झोपतात,” मुजावर म्हणाले, “आणि कराडच्या प्रक्षेपकावरचं एक झोपत नाही. अकराला लावतात, दोनपर्यंत बघतात, टक्क जागे. मग बंद करून जातात.”

“कोण आहे?”

“ते कळत नाही. घर कुठलं हे नोंदवायला कायद्यानं बंदी आहे. जागल्यालाच ठाऊक नसतं. पण श्वासाची रेघ बघा.” त्यांनी दोन रेघा एकाखाली एक आणल्या. “ही इतरांची. तुम्ही थांबलात की लांब, सपाट उतार. आणि ही त्या एकाची. तुम्ही बोलता तेव्हा स्थिर असते, थांबलात की तुकडे तुकडे. सर, हा बोलणाऱ्या माणसाचा श्वास आहे.”

“फोनवर बोलत असेल कुणाशी.”

“फोनवर बोलणारा तुमच्या सोयीनं गप्प बसेल का? हा माणूस तुम्ही बोलायला लागलात की गप्प होतो. तुम्ही थांबलात की बोलतो.” मुजावरांनी कानातला बोळा नीट केला. “तो तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतोय.”

हणमंतराव टेकडीवरून चालत खाली आले. साडेसहा लाख घरांत ते औषध होते. एका घरात माणूस होते. पायांत काही वेगळंच बळ आल्यासारखं वाटत होतं.

हा श्रोता शोधायचाच, असं त्यांनी ठरवलं. तो विद्वान असणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. बहुधा कृषी पदवीधर, स्वभावानं चिकित्सक. शोधण्याची रीत सोपी होती: गावात फिरायचं, बोलायचं, आणि जो झोपणार नाही तो आपला. ते निवृत्त तहसीलदारांकडे गेले आणि हवापाण्याबद्दल विचारलं. तहसीलदार झोपाळ्यावरच निजले, झोपाळा मात्र बराच वेळ हलत राहिला. वाचनालयात ग्रंथपालांना जमिनीच्या आम्लतेवरचं पुस्तक मागितलं. ग्रंथपालांनी कपाटाला टेकून डोळे मिटले. औषधाच्या दुकानात त्यांनी नुसतं “इसबगोल” म्हटलं, तर काउंटरपलीकडचा माणूस बसला आणि रांगेतल्या दोघांनी एकमेकांच्या खांद्यांवर माना टाकल्या. एका कृषी पदवीधराला तर त्यांनी गोठ्यात गाठलं. तो झोपलाच, म्हैससुद्धा बसली.

आठवडाभर गाव झोपवून ते संध्याकाळी घरी येत. वैजयंताबाई विचारत, “कुठं हिंडता दिवसभर?” ते म्हणत, “असंच, एक काम आहे.” आणि जेवून झोपत.

---

दुसऱ्या सोमवारी रणपिसेबाईंनी कागद पुढं ठेवला.

“राष्ट्रीय निद्रा सन्मान, सर. शंभर टक्के निकाल देणाऱ्या वाहिनीला मिळणार आहे. आपण नव्व्याण्णव पूर्णांक नऊशे नव्व्याण्णववर अडकलोय. त्या एका माणसामुळं.”

“एकच तर आहे. राहू दे की जागा.”

“देशातलं दुसरं कुठलंही केंद्र आपल्या पुढं जाऊ शकतं. जागल्यानं उपाय सुचवलाय. तुमच्या त्या सहा सेकंदांत तंबोरा भरायचा. माणसाला मध्ये बोलायला जागाच उरली नाही की तोही झोपेल. जुन्या भागांत बदल करायला तुमची सही लागते.” त्या प्रेमानं म्हणाल्या, “सन्मान तुम्हीच स्वीकारायचा. दिल्लीत. तिथं तुम्ही बोललात तरी चालेल, त्यांनी अजून ऐकलेलं नाही तुम्हाला.”

एवढं आमिष हणमंतरावांना उभ्या आयुष्यात कुणी दाखवलं नव्हतं. ते म्हणाले, “उद्या सांगतो.”

जाता जाता ते मुजावरांच्या खोलीत डोकावले. त्या अनोळखी श्रोत्याचा निरोप घेतल्यासारखं करावं, एवढाच हेतू होता. मुजावरांनी महिन्याचा तक्ता काढला. रोजच्या रकान्यात एक, एक, एक. मध्ये तीन दिवस शून्य.

“हे काय?”

“त्या तीन रात्री टीव्ही लावलाच नाही त्यांनी, म्हणून सन्मानाच्या हिशेबात त्या धरत नाहीत. चौदा, पंधरा, सोळा. गावाला गेले असतील.”

हणमंतराव त्या तीन शून्यांकडे बघत राहिले. चौदा, पंधरा आणि सोळा तारखेला त्यांनी स्वतः पोहे केले होते. तिन्ही दिवस खारट झाले होते, त्यामुळं तारखा विसरणं शक्य नव्हतं. वैजयंताबाई भाचीच्या मुलाच्या बारशाला विट्याला गेल्या होत्या.

“सर, बसा,” मुजावर म्हणाले. “पाणी देऊ?”

बसता बसता हणमंतरावांना आणखी एक गोष्ट सुचली. सबंध गाव झोपवत हिंडताना एका माणसाला त्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ चार वाक्यं ऐकवली होती, आणि तिनं एकदाही जांभई दिली नव्हती. मीठ कमी आहे हे सांगताना कोण समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतं?

---

त्या रात्री ते साडेनऊला झोपायला गेले, पण चार कप काळी कॉफी पोटात घेऊन. अंथरुणावर पडून त्यांनी कार्यक्रमाचे जुने विषय आठवले. ते धोक्याचं वाटल्यावर पाढे म्हटले. अकरा वाजता बाहेर टीव्हीचा आवाज सुरू झाला, तसे ते उठून दाराशी आले.

पडद्यावर भरपूर केस असलेले हणमंतराव बसले होते. समोर वैजयंताबाई, मांडीवर मेथीची जुडी. पडद्यावरच्या हणमंतरावांनी विहिरीच्या पुनर्भरणावर एका बागायतदाराला विचारलं, “तर मग, यापुढं काय करायचं ठरवलंय?” आणि ते थांबले.

“ठरवायचं काय त्यात?” वैजयंताबाई पान खुडत म्हणाल्या. “गुडघे चालतायत तोवर निघायला पाहिजे.”

पडद्यावरचे हणमंतराव समजून घेतल्यासारखी मान हलवत होते. दारातल्या हणमंतरावांना त्या माणसाचा आयुष्यात प्रथमच राग आला. ते पुढं गेले आणि टीव्ही बंद केला.

“अगं बाई!” वैजयंताबाई दचकल्या. “काय होतंय? ॲसिडिटी?”

हणमंतराव समोरच्या खुर्चीवर बसले. चष्मा काढला. घसा साफ केला.

“तर,” ते म्हणाले, “आपलं काय म्हणणं आहे?”

“आपलं! नाटकं करू नका. जा, झोपा जाऊन.”

हे पाठ केलेलं उत्तर होतं. हणमंतरावांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

“ब्रह्मपुत्रा बघायचीय मला,” वैजयंताबाई म्हणाल्या. “तीस वर्षं पोरांना नकाशावर काठीनं दाखवली. उगम, उपनद्या, पूर. स्वतः बघितली ती फक्त कृष्णा. आणि कोयना, तीही इथल्या संगमावर, नाहीतर तुमच्या आत्याकडं जाताना.”

‘मग जाऊ की’ हे शब्द हणमंतरावांच्या जिभेवर आले. त्यांना बोटांवर पेन्सिल आठवली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

“एकटीला जायचंय.”

हे अपेक्षित नव्हतं. अकराशे त्रेचाळीस भागांत एवढं खरं उत्तर कुणी दिलं नव्हतं. हणमंतरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. चौथ्या आकड्याला ‘का?’ विचारावंसं वाटलं. पाचव्याला आपण मुळात उठलोच का असं वाटलं. सहावा आला.

“बावीस साली मला पाटणला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं. आठवतंय?”

“हो,” हणमंतराव म्हणाले. मग खरं सांगितलं, “नाही.”

“तुम्हाला विचारलं होतं, काय करू? तुम्ही माव्यावरचं काहीतरी वाचत होता. ‘बघू’ म्हणालात. चार दिवस वाट बघितली आणि नाही म्हणून कळवलं मी त्यांना.” त्यांनी मेथीची काडी बाजूला टाकली. “हे मागच्या महिन्यात तुम्हाला सगळं सांगून झालंय माझं. त्या तिथल्या तुम्हाला.”

“मी काय म्हणालो?”

“काही नाही. नीट ऐकून घेतलंत. मग गांडुळांवर गेलात.”

हणमंतरावांच्या डोळ्यांवर झोप येत होती. साठ-पासष्ट वर्षांची सवय चार कपांनी जात नाही. ते उठले, तोंडावर पाणी मारलं, दोघांचा चहा टाकला आणि परत येऊन बसले. साखर त्यांनी अंदाजानं घातली होती. वैजयंताबाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि त्याबद्दलचं म्हणणं राखून ठेवलं. इतर बरंच सांगितलं. आत्याबद्दल सांगितलं, निवृत्तीच्या दिवशी शाळेतल्या मुलींनी रडून गोंधळ घातला ते सांगितलं, मिठाबद्दलही सांगितलं: डॉक्टरांनी यांचा रक्तदाब बघून कमी करायला सांगितलं होतं आणि सहा वर्षं रोज ऐकून घ्यावं लागत होतं. प्रत्येक वेळी त्या थांबल्या की ते सहा मोजत. दोनच्या सुमाराला मोजायचं विसरले आणि नुसतेच गप्प बसले. तेही चाललं.

तीन वाजत आले तेव्हा त्या म्हणाल्या, “बरं. चला तुम्हीही. पण एक सांगून ठेवते, तिकडं गाडीत तोंड उघडायचं नाही. ड्रायव्हर झोपेल.”

“आसामात कुणी मला ऐकलेलं नाही.”

“एक आठवडा लागेल त्यांना,” वैजयंताबाई म्हणाल्या.

---

सकाळी नऊला फोन वाजला. स्वयंपाकघरात वैजयंताबाईंनी ओट्याशेजारी शाळेचा जुना ॲटलास पसरला होता. दोघांचेही डोळे लाल होते.

“सर! शंभर टक्के!” रणपिसेबाईंचा आवाज फुटत होता. “काल रात्री सव्वाअकरालाच त्या घरानं टीव्ही बंद केला. पहिल्यांदाच! शेवटी गुंगी आलीच. तंबोऱ्याची गरजच नाही, तुमचे भाग आहेत तसेच ठेवतो. अख्ख्या राज्यात जागे शून्य. अहवाल दिल्लीला पाठवू ना?”

हणमंतरावांनी तीस वर्षं सरकारी माध्यमात काढली होती. नोंद चुकलेली त्यांना खपत नसे. खरं काय ते सांगून टाकावं, सन्मान गेला तर गेला, असं त्यांनी ठरवलं.

“तर त्या आकड्याबद्दल,” ते म्हणाले, “माझं थोडं वेगळं म्हणणं आहे.”

पलीकडून उत्तर आलं नाही. त्यांनी सवयीनं सहा आकडे मोजले. सहाव्याला त्यांना आठवलं, फोन कानाला लावायचा म्हणजे बोळा काढावा लागतो.

फोनमधून संथ, एकसारखा श्वास ऐकू येत होता. मिनिटाला सहा.

“काय म्हणतायत बाई?” वैजयंताबाईंनी ॲटलासवरून मान न उचलता विचारलं.

“त्यांना मान्य दिसतंय,” हणमंतराव म्हणाले आणि त्यांनी फोन हलकेच ठेवून दिला.